नेहमीप्रमाणे, पण इंग्रजीत

बँकेतल्या निवृत्ती समारंभाचा एक ठराविक साचा असतो. आधी हार, मग शाल, मग नारळ, मग 'असा माणूस पुन्हा होणे नाही' हे सांगणारी तीन भाषणं. (ती करणाऱ्यांपैकी दोघांनी त्या माणसाशी गेली सहा वर्षं अबोला धरलेला असतो.) शेवटी सामोसा, वेफर्स आणि पेढा. अलीकडे या यादीत आणखी एका कलमाची भर पडली आहे. नव्या भरतीतला एखादा हौशी तरुण मोबाइल माइकजवळ धरतो आणि फ्रँक सिनात्राचं 'माय वे' लावतो.

आयुष्यभर स्वतःच्याच मर्जीनं वागलेल्या एका बाणेदार माणसाचं हे आत्मवृत्त. ते वाजत असताना समोर खुर्चीत जो सत्कारमूर्ती बसलेला असतो, तो छत्तीस वर्षं हेड ऑफिसच्या परिपत्रकानुसार वागलेला असतो. कोणत्या शाईनं सही करायची, किती वाजता जेवायला उठायचं, कोणत्या शनिवारी घरी राहायचं, सगळं त्याला वरून कळलेलं. स्वतःच्या मर्जीनं त्यानं एकच गोष्ट केली, बदलीचा अर्ज, आणि तोही नामंजूर झाला. तरीही गाणं संपलं की टाळ्या पडतात, आणि सत्कारमूर्ती रुमालानं डोळे पुसतो.

पण या गाण्याची जन्मपत्रिका पाहिली तर ते आमच्या समारंभात अगदी योग्य जागी वाजतं. कारण हे गाणं मूळचं फ्रेंच. आणि मूळ फ्रेंच गाण्याचं नाव 'कॉम दाबित्यूद'. म्हणजे 'नेहमीप्रमाणे'!

१९६७ साली क्लोद फ्रांस्वा नावाच्या त्या काळच्या लोकप्रिय फ्रेंच गायकानं ते गायलं. चाल त्याची आणि जाक रेवोची, शब्द त्याचे आणि जिल तिबोचे. गाण्यात बाणेदार वगैरे कोणी नाही. एक साधा नवरा आहे. सकाळी उठतो, बायको झोपलेलीच असते, तिचं पांघरूण सारखं करतो, एकटाच कॉफी पितो आणि उशीर झाला म्हणून घाईनं बाहेर पडतो. दिवसभर लोकांपुढे हसण्याचं सोंग करतो. रात्री घरी येतो तर घर रिकामं. प्रेम केव्हाच आटलेलं, राहिली आहे ती वहिवाट. आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी, नेहमीप्रमाणे. आमच्याकडे फाइलवर 'पूर्वीप्रमाणे चालू ठेवावे' असा शेरा मारतात, तसा.

पॉल अँका या कॅनेडियन गायकानं फ्रान्समध्ये हे गाणं ऐकलं आणि त्याचे हक्क घेतले. चाल ठेवली, शब्द सगळे टाकून दिले. सिनात्रा स्वतःबद्दल कसा बोलेल याचा विचार करून त्यानं एका रात्रीत नवे शब्द लिहिले, असं त्यानंच पुढे सांगितलं. सिनात्रानं ३० डिसेंबर १९६८ रोजी ते ध्वनिमुद्रित केलं, १९६९ साली ते बाजारात आलं आणि अजून काही बाजारातून गेलेलं नाही. पांघरूण सारखं करणारा नवरा अटलांटिक ओलांडून पलीकडे पोचेपर्यंत छाती काढून उभा राहिला. 'नेहमीप्रमाणे'चं 'माझ्याप्रमाणे' झालं. एका शब्दाचा फरक, पण बघा, कारकून आणि चेअरमन यांच्यातही फरक तेवढाच असतो.

याच चालीवर अँकाच्या आधी, १९६८ साली, लंडनमधल्या डेव्हिड बोवी नावाच्या एका होतकरू तरुणानंही इंग्रजी शब्द बसवून पाहिले होते. ते नापसंत झाले. पुढे 'माय वे' जगभर वाजू लागल्यावर त्यानं १९७१ साली तसल्याच वळणाचं 'लाइफ ऑन मार्स?' हे स्वतःचं गाणं काढलं, आणि तेही अजरामर झालं. नामंजूर अर्जाचं एवढं सोनं झालेलं मी दुसरं पाहिलेलं नाही.

ही सगळी हकिकत मी एका रविवारी सौभाग्यवतींना ऐकवली. मूळ गाण्याचा अर्थ सांगताना माझा आवाज जरा जड झाला असावा. तिनं मेथी निवडता निवडता सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे सगळं त्याच्या बाजूनं झालं. झोपलेल्या बाईनं काही लिहिलंय का?"

मी म्हणालो, "माझ्या माहितीत नाही."

"नेहमीप्रमाणे," ती म्हणाली.

प्रश्न बाजूला ठेवण्यासारखा नव्हता, पण मेथी संपली होती. त्याच्याकडे पुन्हा येऊ.

फ्रेंच गाणी इंग्रजीत जाताना त्यांचं काय होतं, याच्या नादी मी लागलो तो असा. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला कोणत्याही व्यवहारात आधी एकच गोष्ट दिसते: इकडून किती निघाले आणि तिकडे किती पोचले. तो हिशेब या खात्यात फारच करमणुकीचा निघाला.

१९४६ साली मार्सेल कार्नेच्या एका चित्रपटात जाक प्रेव्हेर या कवीचं आणि जोसेफ कोस्मा या संगीतकाराचं एक गाणं होतं. त्याचं नाव 'मेलेली पानं'. जॉनी मर्सरनं इंग्रजी शब्द लिहिले, तेव्हा ती 'शरदातली पानं' झाली. पानं तीच, पण मृत्यूचा दाखला काढून घेतला. आपल्याकडे 'वारले' न म्हणता 'देवाघरी गेले' म्हणतात, त्यातलाच प्रकार.

शार्ल त्रेनेनं समुद्रावर एक गाणं केलं, 'ला मेर'. त्यात फक्त समुद्र आहे. त्याचं चमकणं, त्याचा पाऊस, त्याच्या काठची तळी. इंग्रजीत जॅक लॉरेन्सनं त्याचं 'समुद्रापलीकडे' केलं. पलीकडे कोण? अर्थातच प्रेयसी! १९५९ साली बॉबी डॅरिनच्या आवाजात ते बाजारात आलं आणि गाजलं. मूळ गाण्याचा नायक समुद्र. तो इंग्रजीत नुसता मधलं अंतर झाला.

बेल्जियमचा जाक ब्रेल फ्रेंचमध्ये गायचा. त्याचं १९६१ सालचं 'ल मोरिबाँ' हे मरायला टेकलेल्या माणसाचं गाणं आहे. तो मित्राचा निरोप घेतो, पाद्र्याचा घेतो, बायकोच्या याराचाही घेतो आणि शेवटी बायकोचा घेतो. या माणसाला सगळं ठाऊक आहे, आणि जाता जाता तो ते सगळ्यांना हसत हसत ऐकवतो. रॉड मक्यूएननं त्याचं इंग्रजी केलं, त्यात टेरी जॅक्सनं आणखी फेरफार केले आणि १९७४ साली 'सीझन्स इन द सन' अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. तोपर्यंत याराचा पत्ता कटला होता, पाद्र्याच्या जागी बाबा आले होते आणि बेइमान बायकोच्या जागी एक गोड छोटी मुलगी आली होती. मरणारा माणूस एवढा सज्जन झाला, की तो मरतो आहे याचंच वाईट वाटू लागलं.

ब्रेलचंच 'न म कित पा', म्हणजे 'मला सोडून जाऊ नकोस'. ही गयावया आहे. इंग्रजीत तिचं 'तू गेलीस तर' झालं. गयावयाची अट झाली! बँकेत आम्ही असं करतो ते समजू शकतं. कर्जदार रडतो आणि आम्ही ते 'परतफेड न झाल्यास' असं लिहून घेतो. पण कवींनी?

आता यावरून इंग्रजीवाले तेवढे लबाड, असा निकाल देऊ नका. फ्रेंच मंडळींचं त्या काळातलं निम्मं दुकान अमेरिकन मालावर चालत होतं. खुद्द क्लोद फ्रांस्वाला १९६२ साली पहिलं यश मिळालं ते एव्हर्ली बंधूंच्या अमेरिकन गाण्याच्या फ्रेंच अवतारानं. १९६३ साली त्यानं 'माझ्याकडे हातोडा असता तर' हे गायलं. मूळ गाणं पीट सीगर आणि ली हेज यांचं. त्यातला हातोडा न्यायाचा, स्वातंत्र्याचा, जगाला जागं करण्याचा. फ्रेंच शब्दांत तो हातोडा घेऊन माणूस काय करतो? शेतावर घर बांधतो, शेजारी कोठार बांधतो आणि तिथे आईवडिलांना अन् भावाबहिणींना आणून बसवतो. क्रांतीचं गृहकर्ज झालं! अशा माणसाच्या 'नेहमीप्रमाणे'चं पुढे 'माय वे' झालं, याला नियतीचा ताळेबंद म्हणायचं.

आणि चाल उसनी घेणं हा गुन्हा असेल, तर आपल्या अख्ख्या संगीत रंगभूमीला जामीन मिळणार नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८२ च्या 'सौभद्रा'पासून पुढे नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून मूळ गाण्याची ओळखसुद्धा छापत. उसनवारी होती, पण पावतीसकट. दुसऱ्या टोकाला आपल्याकडे समश्लोकी आहे. वामन पंडितांनी गीतेची केली, विनोबांनी गीताई केली. श्लोकाला श्लोक, अर्थाला अर्थ, आणि वर पुन्हा म्हणता आलं पाहिजे. बँकवाल्यांनी काव्याच्या भाषांतरात नाक खुपसू नये असं कोणी म्हणालं, तर मी शांतपणे चिंतामणराव देशमुखांचं नाव घेतो. रिझर्व्ह बँकेच्या या पहिल्या भारतीय गव्हर्नरांनी 'मेघदूत' मराठी पद्यात आणलं. ज्यांच्या सहीनं नोट चालायची, त्यांना शब्दांची खरी किंमत कळत असणारच.

तर एका बाजूला चाल ठेवून शब्द फेकून देणारे पॉल अँका, दुसऱ्या बाजूला समश्लोकी. फ्रेंच गाण्यांच्या नशिबी हा दुसरा प्रकार फार उशिरा आला, आणि तो आणला ऑस्ट्रेलियातल्या एका माणसानं. माझा भाचा मेलबर्नला असतो. त्यानं मला ही गाणी पाठवली. भाचे सहसा मामाला चॉकलेटं पाठवतात. हा गाणी पाठवतो, कारण त्यांना जकात नाही.

या ऑस्ट्रेलियन माणसाचं नाव मिक हार्वी. निक केव्हच्या 'बॅड सीड्स' या वाद्यवृंदाचा तो २००९ पर्यंत आधारस्तंभ होता. त्यानं ज्याला आदरांजली वाहायची ठरवलं, तो सेर्ज गेन्सबूर. जन्म पॅरिसचा, १९२८ चा. आईवडील रशियन साम्राज्यातून आलेले ज्यू, वडील पियानो वाजवून पोट भरणारे. जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये या पोराला छातीवर पिवळा तारा लावून फिरावं लागलं. पुढे तो चित्रकार व्हायला निघाला, ते सोडून वडिलांसारखाच पियानोवर बसला आणि १९५८ पासून १९९१ मध्ये मरेपर्यंत फ्रेंच गाण्यात त्यानं धुमाकूळ घातला.

इंग्रजी मुलखात मात्र तो एकाच गाण्यामुळे माहीत होता. जेन बर्किनबरोबरचं १९६९ सालचं 'ज तेम… म्वा नाँ प्ल्यू'. त्यातले उसासे ऐकून बीबीसीनं ते बंद केलं, आणि बंदी असूनही ब्रिटनमध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेलं. त्या गडबडीत शब्दांकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. नावाचाच अर्थ बघा. ती म्हणते, "माझं तुझ्यावर प्रेम आहे." तो म्हणतो, "माझंही नाही." ज्यांच्या लग्नाला वीस वर्षं झाली आहेत, त्यांना या संवादात काहीच अवघड वाटणार नाही. आमच्या घरी रोज होतो. "चहा टाकू?" "मलाही नको."

याच गेन्सबूरनं ११ मार्च १९८४ रोजी टेलिव्हिजनच्या थेट कार्यक्रमात पाचशे फ्रँकची नोट लायटरनं पेटवली. सरकार आपल्या कमाईतला किती भाग करात खातं, हे दाखवायला त्यानं जवळजवळ तीन चतुर्थांश नोट जाळली आणि उरलेला तुकडा दाखवला. फ्रान्समध्ये गदारोळ झाला. ते दृश्य पाहून मला मात्र आमचा काउंटर आठवला. आपल्याकडे पाचशेच्या फाटक्या नोटेचा नियम पक्का आहे. तुकडा ऐंशी टक्क्यांहून मोठा असेल तर पूर्ण पैसे, चाळीस ते ऐंशी असेल तर निम्मे, चाळीसच्या खाली शून्य. गेन्सबूर तो तुकडा घेऊन माझ्या खिडकीवर आला असता, तर मी त्याला नमस्कार करून परत पाठवला असता.

भाषांतरित गाण्यांनाही हाच नियम लावावा, असं माझं नम्र मत आहे. मूळ नोट किती टक्के शिल्लक राहिली? 'माय वे'मध्ये शब्दांच्या बाजूनं शून्य. 'सीझन्स इन द सन' चाळीसच्या खालीच. गेन्सबूरची गाणी तर जात्याच जळणारी. फ्रान्स गाल या कोवळ्या गायिकेला त्यानं १९६५ सालच्या युरोव्हिजन स्पर्धेसाठी 'मेणाच्या बाहुली'चं गाणं दिलं. त्यात 'सों' हा शब्द येतो. त्याचा एक अर्थ बाहुलीत भरायचा कोंडा, दुसरा अर्थ आवाज. हा श्लेष मोरोपंतांच्या हाती लागता तर त्यांनी त्यावर आर्या रचली असती. 'ला जाव्हानेझ' नावाच्या १९६३ सालच्या गाण्यात त्यानं 'जाव्हाने' या चोरभाषेशी खेळ केला आहे. शब्दांच्या पोटात 'आव' घुसडायचं, म्हणजे तिऱ्हाइताला काही कळत नाही. आपली शाळेतली 'च'ची भाषा, तीच ही. आता मला सांगा, 'च'च्या भाषेतलं प्रेमगीत इंग्रजीत कसं नेणार?

आणखी एक गोची. या गृहस्थाला इंग्रजी शब्दांची भारी हौस. 'कॉमिक स्ट्रिप', 'फोर्ड मस्टँग', 'इंटॉक्सिकेटेड मॅन' ही त्याच्या फ्रेंच गाण्यांचीच नावं. फ्रेंचमध्ये त्या शब्दांना परदेशी अत्तराचा वास. इंग्रजीत नेले की ते आपल्याच गावात आले, वास संपला. लग्नात 'मिस्टर अँड मिसेस' छापलेल्या मराठी पत्रिकेचं इंग्रजी भाषांतर करून पाहा, म्हणजे कळेल.

हे सगळं पुढ्यात घेऊन हार्वी बसला. १९९५ साली त्याचा पहिला अल्बम आला, 'इंटॉक्सिकेटेड मॅन' याच नावाचा. निदान मुखपृष्ठाचं भाषांतर वाचलं. १९९७ साली दुसरा आला, 'पिंक एलिफंट्स'. मग जवळजवळ वीस वर्षं गप्प, आणि २०१६ मध्ये 'डेलिरियम ट्रेमेन्स', २०१७ मध्ये 'इंटॉक्सिकेटेड विमेन'. चार अल्बम, एकाच मेलेल्या फ्रेंच माणसासाठी. आपल्याकडे आदरांजली म्हणजे तीच गाणी, त्याच चालीत, जरा कमी सुरात. या बाबानं गाणं न गाणं उलगडलं आणि इंग्रजीत पुन्हा शिवलं. जिथे श्लेष मेला तिथे त्यानं खोटा श्लेष बसवला नाही. गोष्ट ठेवली, सूर कोरडा ठेवला, स्वतः मध्ये आला नाही. 'माझंही नाही'चं त्यानं सरळ 'नॉर डू आय' केलं. व्याकरण पायात अडकतं, पण मूळ गाण्यातही ते तसंच अडकतं.

आता मेथीच्या वेळचा प्रश्न. 'इंटॉक्सिकेटेड विमेन'मध्ये मुख्यतः गेन्सबूरनं गायिकांसाठी लिहिलेली गाणी आहेत, हे मी घरी मोठ्या उत्साहानं सांगितलं. "लिहिणारा तोच ना?" असा उलट सवाल आला. आणि तो इतिहासाला धरून आहे. १९६६ साली गेन्सबूरनं त्याच फ्रान्स गालला बडीशेपेच्या लॉलीपॉपचं एक निरागस गाणं दिलं. तिनं ते निरागसपणे गायलं. त्यातला दुसरा, चावट अर्थ सगळ्या पॅरिसला कळला, फक्त तिला सोडून. कळलं तेव्हा तिला फार अपमान वाटला, फसवलं गेल्यासारखं वाटलं. दोघांची भाषा एकच, शब्द तेच, तरी अर्थ तिच्यापर्यंत पोचला नाही. पोचू दिला नाही. गेन्सबूरवर माझा कितीही लोभ असला, तरी या नोंदीपुढे लाल शाईनं खूण करावीच लागते.

पण माझा हार्वीवर जीव जडला तो एका गाण्यानं. गेन्सबूरचं १९५८ सालचं पहिलं गाजलेलं गाणं, 'ल प्वाँसोनर दे लिला'. पॅरिसच्या भुयारी रेल्वेत पोर्त दे लिला नावाचं स्टेशन आहे. लिला म्हणजे लायलॅकची फुलं. नावात फुलं, पण जमिनीखाली कुठली फुलं आणि कुठलं ऊन! तिथे एक माणूस दिवसभर उतारूंच्या तिकिटांना भोकं पाडत उभा आहे. भोकं, भोकं, लहान लहान भोकं. फर्स्ट क्लासला भोक, सेकंड क्लासला भोक. त्याच्याकडे कोणी बघत नाही. कंटाळून कंटाळून शेवटी त्याला वाटतं, एक भोक स्वतःच्याच डोक्यात पाडावं.

हे गाणं पॉल अँकाच्या हाती पडलं असतं, तर तो माणूस इंग्रजीत नक्की रेल्वेचा जनरल मॅनेजर झाला असता. टेरी जॅक्सनं त्याला एक छोटी मुलगी दिली असती. हार्वीनं 'पिंक एलिफंट्स'मध्ये त्याला इंग्रजी दिलं, पण बढती दिली नाही. तो तिकिटांना भोकंच पाडतो. तेवढाच कंटाळलेला, तेवढाच भुयारात. माझ्या मते आदरांजली ती हीच. माणसाला मोठं करून दाखवणं सोपं आहे. तो होता तेवढाच ठेवून दुसऱ्या भाषेत नेणं, याला आदर लागतो.

पॅरिसमध्ये १९७० च्या दशकात यंत्रं आली आणि भोकं पाडण्याची ती नोकरीच गेली. नोटा मोजायला आमच्याकडेही यंत्र आलं, पासबुक भरायला आलं, पैसे द्यायला तर केव्हाच आलं. आमच्या खिडकीवर आता फक्त म्हातारी माणसं येतात, आणि पुष्कळदा नुसती बोलायला. उद्या ही खिडकीही जाईल. आमच्यावर कोणी गाणं केलेलं नाही. पण कोणा फ्रेंच माणसानं त्याच्या भाषेत केलं, कोणा ऑस्ट्रेलियन माणसानं ते न वाढवता न सजवता पुढे पाठवलं आणि ते माझ्यापर्यंत पोचलं. श्लेष गळाले, यमकं सैल झाली, तरी मोजून पाहिलं तर चाळीसच्या वर भरतं.

नियमानं निम्मे पैसे होतात. मी पूर्ण दिले.